पाटीच्या मागचं चित्र

आमच्या अल्बमचा शेवटचा तुकडा ओतूरच्या एका मंगल कार्यालयात रेकॉर्ड झाला, पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत लग्नं नसतात, त्यामुळे हॉल मोकळा आणि बँडवालेही मोकळे. आम्ही चौघं रॉक वाजवतो, कीबोर्डवर मी. एकूण सहा तुकडे, तीन कादंबऱ्यांवरून रचलेले, तीन चित्रांवरून. असल्या संगीतामागे परदेशात अख्खा ऑर्केस्ट्रा बसवतात. आम्हाला जुन्नरचा नऊ जणांचा लग्नाचा बँड मिळाला, आणि तो बसायलाच तयार नव्हता.

"बसून फुंक लागत नाय, ताई," क्लॅरिनेटवाले मास्तर म्हणाले. त्यांच्या घरात आजोबांपासून बँड आहे. "आमी चालतच शिकलो."

मग त्यांनी हॉलभर फेऱ्या मारत वाजवायचं ठरलं आणि माइक मधोमध टांगला.

हा तुकडा बाबांच्या चित्रावरून होता. बाबा महाळुंगे पडवळला पाट्या रंगवतात. दुकानांच्या, शाळेच्या, कुणाच्या ट्रॅक्टरवर मुलांची नावं. स्वतःसाठी त्यांनी एकच चित्र काढलं, आई गेल्यावर, एका बिघडलेल्या पाटीच्या मागच्या बाजूला. आईचं माहेर धरणात गेलं, ते गाव. मारुतीचं देऊळ, नदी, कौलं आणि वाटेवर रंगांचे बारीक ठिपके. दहा वर्षं ते टीव्हीच्या वर टांगलेलं आहे. ठिपके मला फुलं वाटायची.

मी रचलं ते गावाचं बुडणं. बँड चढत चढत जातो, एका जागी सगळे एकदम थांबतात आणि पुढे नुसती शांतता. त्या शांततेवर मी स्वतःच लई खूश होते.

बाबांनी माझं वाजवणं कधीच शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. "चालू दे तुझं," म्हणत मध्येच उठायचे. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत थांबावं, एवढंच मला हवं होतं. वय अडतीस, हट्ट बालवाडीतला. मी त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं, व्याह्यांना बसवतात तसं. चित्रही आणून स्टेजला टेकवून ठेवलं, बँडवाल्यांना भाव कळावा म्हणून. मास्तरांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

जुन्नरला सराव करताना हीच माणसं बरोब्बर थांबत होती. त्या दिवशी थांबण्याची जागा आली, गिटार थांबली, ड्रम थांबला, मी थांबले. बँड वाजतच राहिला. मी हात वर केला. कुणी बघेना. माझं डोकं फिरलं. मास्तर माझ्यासमोरून जाताना त्यांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली आणि तिनंच चित्राकडे दाखवलं.

"नवरदेव मांडवात गेल्याबिगर आमाला थांबता येत नाय."

मी उठून चित्रापाशी गेले. ठिपके म्हणजे माणसं होती. पुढे बँड, त्यामागे घोड्यावर फेट्यातला एक जण. मारुतीच्या देवळातून निघालेली नवरदेवाची मिरवणूक. पाटीच्या पार कडेला पिवळा मांडव, नखाएवढा. बाबांचं लग्न होतं ते. दहा वर्षं मी त्या चित्रावरची धूळ पुसत होते. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले. नेहमीसारखे निघाले, असं मला वाटलं, आणि मी त्यांच्याकडे न बघता कीबोर्डपाशी परतले. बघितलं तेव्हा ते ढोलवाल्याच्या मागे, हात पाठीशी बांधून, हॉलला फेरी घालत होते. माझ्याजवळून जाताना चाल न मोडता म्हणाले, "थांबलीस का? मांडव लांब हाय अजून."

मी परत वाजवायला लागले. ड्रमवालाही सुरू झाला. बँड थांबेपर्यंत बाबा चालत होते.