टँकरवरची अक्षरं

शहरातल्या छावणी भागातला आपला छापखाना आप्पासाहेबांनी बंद केला, तेव्हा छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे भंगारात निघाले होते. कला महाविद्यालयात अक्षरलेखन शिकवणाऱ्या वैदेही कौसडीकरनं ते अडवले. पोट भरलेला ‘ळ’, देठासारखी वेलांटी. अशी वळणं तिनं कुठं पाहिली नव्हती. एकेका खिळ्याला शाई लावून तिनं ठसे घेतले आणि दोन-तीन वर्षं संगणकावर ती अक्षरं पुन्हा रेखत बसली. मूळ वळण कुठलं नि झीज कुठली, यावरून आप्पासाहेबांशी भांडणंही झाली. फॉन्ट तयार झाला, तसा तिनं तो सगळ्यांना फुकट देऊन टाकला.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहराभोवती नवे प्लॉट पडत होते आणि नळाला आठवड्यानं पाणी येत होतं. बीड बायपासला एका टँकरवर तिला आपली अक्षरं दिसली : ‘दुष्काळातला देवमाणूस’. शेजारी हात जोडलेला पुढारी. त्याच्या फोटोसाठी अक्षरं दाबून चपटी केलेली, ‘ळ’ तर पार चिरडलेला.

टँकरवरचा तो फलक छापणाऱ्या सोमनाथला तिनं गाठलं.

“ताई, भाऊंचं तोंड मोठं पायजे म्हनले. मग अक्षरच दाबायचं ना!” तो म्हणाला. “पर फॉन्ट लई भारी. तुमचा व्हय? भाऊंना सांगतो थांबा.”

भाऊंकडून पाचोड गावी सत्काराचं बोलावणं आलं. तोंडावर बोलता येईल म्हणून वैदेही गेली. मंडपापुढं धूळ उडू नये म्हणून तोच टँकर रस्त्यावर पाणी मारत होता. कडेला बायका घागरी घेऊन उभ्या.

“आरं, मातीला पाजतोस? आमाला नाय का नरडं?” त्यांच्यातली गोजरबाई ओरडली. ड्रायव्हरनं मान फिरवली.

मंचावर भाऊंनी तिच्या खांद्यावर शाल पांघरली. त्यांच्या अत्तराचा दर्प नाकात गेला आणि वैदेहीला शिसारी आली. तिनं माईक ओढला.

“या अक्षरांचे खिळे भंगारात वितळले असते तर बरं झालं असतं. आधी ते पाणी बायकांना द्या!”

शाल खुर्चीवर टाकून ती उतरली. तोवर गोजरबाईनं टँकरच्या तोटीखाली घागर लावलीच होती.

भाऊंची नाराजी नको म्हणून महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी वैदेहीशी बोलणं टाकलं. फलक उतरला नाही. उलट निवडणुकीत गावोगावी तोच फॉन्ट झळकला.

“याच खिळ्यांनी मीही कुणाकुणाचे गोडवे छापले, पोरी,” आप्पासाहेब म्हणाले.

तिला त्यानं बरं वाटलं नाही. अजूनही तसा फलक दिसला, की ती रिक्षा दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला लावते.