होडीचा मेस्त्री आणि स्टेशनचं छत

तिसरं ब्रॅकेटही तडकलं. वाळूच्या गोण्या टांगून तासभरसुद्धा झाला नव्हता. आमच्या मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, पुरे आता. स्टील लावू."

मी रेल्वेत सिव्हिल इंजिनिअर आहे. एका मोठ्या शहराच्या मुख्य स्टेशनचं रिनोव्हेशन आमच्याकडे होतं. किती वर्षं चाललंय, हे कृपा करून विचारू नका. गाड्या बंद ठेवता येत नाहीत, प्रवाशांना उद्या या म्हणता येत नाही. एक कोपरा पत्र्यांनी झाकायचा, दुरुस्त करायचा, मग तेच पत्रे उचलून पुढच्या कोपऱ्यात न्यायचे. सुट्टीत माहेरी कट्टा गावाला गेले की भाऊ दारातच विचारायचा, "गो, तुझा स्टेशन झाला काय?" मी म्हणायची, "होतला."

तर ब्रॅकेट. आमच्या जुन्या बुकिंग हॉलला सागवानी छत आहे. ते छत खांबांवर तोलून धरायला खांब आणि तुळई यांच्यामध्ये लाकडाचे वाकलेले आधार आहेत. कोपरात दुमडलेला हात डोळ्यांसमोर आणा, झालं ब्रॅकेट. त्यातली बारा कुजली होती. कॉन्ट्रॅक्टरने उत्तम सागाच्या जाड फळ्या आणल्या आणि ड्रॉइंगप्रमाणे तोच आकार मशीनवर कापला. माप तंतोतंत. पण लोड टेस्टमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वजन टांगून बघतात त्यात, प्रत्येक ब्रॅकेट वाकणाच्या जागी फुटत होतं.

स्टील लावायचं तर आख्खं छत उतरवावं लागणार होतं. आणि सरकारी कामात उतरवलेलं छत परत चढत नाही, हे मला पंचवीस वर्षांच्या नोकरीने शिकवलंय. मला ते छत फार आवडायचं. मी साहेबांकडे दोन महिने मागितले. त्यांनी दिले, पण डायरीत तारीख लिहून घेतली.

त्याच आठवड्यात चुलतभावाच्या लग्नासाठी गावी गेले. दुसऱ्या दिवशी मंडळी देवबागच्या किनाऱ्यावर फिरायला निघाली. बाकीचे वॉटर स्पोर्ट्सच्या रांगेत उभे राहिले. मी माडाखाली ओढून ठेवलेल्या एका जुन्या होडीपाशी गेले. तिच्या फळ्या काढल्या होत्या, आतल्या फासळ्या तेवढ्या उरल्या होत्या. फासळ्यांना तिकडे वाक म्हणतात. प्रत्येक वाक माझ्या ब्रॅकेटसारखा दुमडलेला, आणि एकालाही तडा नाही.

"काय बघतंस गो बाय?" मागून एक म्हातारे गृहस्थ आले. इनास मेस्त्री. आयुष्यभर होड्या बांधल्या, फायबरच्या होड्या आल्या तसे घरी बसले. मुलाचा होमस्टे आहे, त्याच्या खाटा आणि दारं दुरुस्त करतात.

मी मोबाइलवर तडकलेल्या ब्रॅकेटचा फोटो दाखवला. त्यांनी तो नाकाशी धरून पाहिला.

"सरळ फळी कापून वाक केल्यानी? अगो, मग शीर तुटली मा लाकडाची. वाक कापूचो नसता, सोधूचो असता. झाडच वाकडा बघूचा."

एवढंच होतं. फांदी जिथे मुळातच वाकलेली असते, तिथे लाकडाच्या शिराही तिच्याबरोबर वळतात, म्हणून ते फुटत नाही. माझं लहानपण या किनाऱ्यावर गेलं, अशा शंभर होड्यांत मी बसले असेन. आणि दोन वर्षं मी शहरात सरळ फळ्या मागवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मेस्त्री म्हणाले, "बघल्याशिवाय माका काय सांगूक येवचा नाय." म्हणून त्यांना स्टेशनवर आणलं. हॉलमध्ये शिरले आणि भर गर्दीत चक्क पाठ टेकून लादीवर आडवे झाले. पोलीस धावत आला. त्याला वाटलं, म्हातारबाबांना चक्कर आली.

"ही तर व्हडीच," मेस्त्री छताकडे बघत झोपल्या झोपल्या म्हणाले. "उलटी घातलेली."

त्यांनी पातळ प्लायमधून ब्रॅकेटच्या आकाराचा फर्मा कापून घेतला आणि तो काखेत मारून आम्ही गावाकडे कसालच्या एका वखारीत गेलो. तिथे मागच्या बाजूला वाकडा साग कित्येक वर्षं पडून होता. सरळ ओंडके विकले जातात, वाकडे जळणाला. वखारवाले म्हणाले, "ह्या वाकड्यांका कोण इचारणा नाय, आनि तुमी निवडतास काय?" मेस्त्री एकेका ओंडक्यावर फर्मा ठेवून बघत होते. चांगलं वाळलेलं लाकूड आयतं मिळत होतं, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

साहेबांचा फोन आला. "प्रोग्रेस?"

"सर, वाकडी लाकडं शोधतोय."

"मीटिंगच्या मिनिट्समध्ये काय लिहू?"

"मटेरियल सिलेक्शन चालू आहे, असं लिहा."

मेस्त्रींनी पहिलं ब्रॅकेट देवबागच्या अंगणात घडवलं. ते घेऊन आम्ही स्टेशनवर आलो तेव्हा साहेबांच्या तारखेला आठ दिवस उरले होते. ब्रॅकेट खाचेत बसवलं, आणि ते खुळखुळ हललं. सांधा ढिला. कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर तोंड फिरवून हसला.

मेस्त्रींनी त्या खाचेत बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "हात सवयीन चललो गो. व्हडयेत लाकूड पाणी पिता, फुगता, मगे सांधो घट्ट होता. म्हणान आमी जरा जागा ठेवतो. हंय पाणी खंयचा?"

चूक माझीही होती. होडीचा मेस्त्री कोरड्या छताला होडीचाच सांधा करणार, हे मला सुचायला हवं होतं.

"पाचर मारली तर?" मी विचारलं.

"टेस्ट पास होयत. पण ती पाचर माका जन्मभर दिसतली."

त्यांनी जादा आणलेलं एक वाकडं लाकूड उचललं. पाच दिवस स्टेशनच्या गोदामात त्यांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालला. दुसरं ब्रॅकेट लाकडी हातोडीने ठोकून ठोकून बसवावं लागलं, इतकं घट्ट. गोण्या टांगल्या. एक दिवस गेला, एक रात्र गेली. आवाज नाही. सकाळी साहेबांनी स्वतः हात लावून पाहिला आणि म्हणाले, "बाकीची अकरा कधी?" इतका आनंद मला प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता.

आता हॉल सुरू झालाय. बाकीच्या स्टेशनचं काम चालूच आहे, पत्रे पुढच्या कोपऱ्यात गेलेत. उशिराच्या कारणाच्या रकान्यात मी खरं ते लिहिलं होतं, 'योग्य वाकाचं लाकूड मिळण्यास विलंब'. साहेबांनी ते खोडून 'तांत्रिक कारण' लिहिलं.

परवा मेस्त्रींना फोन केला. म्हटलं, "मेस्त्रीनू, एवढा केलास, पण एकपण माणूस मान वर करून बघणा नाय. माका वाईट वाटता."

ते खळखळून हसले.

"बरा आसा मा! व्हडयेत बसलेलो माणूस वाकांकडे बघूक लागलो काय समजूचा, पाणी आत इला."