पळायचं नाही

चिखलीच्या वस्तीत कस्तुराबाईंचा दरारा होता. पत्र्याच्या वर्कशॉपात दिवसभर रबरी वॉशर निवडायच्या, रविवारी विहारातली वंदना चुकवायच्या नाहीत, आणि कोणी पोलिसांच्या नावानं बोटं मोडली की ताडकन म्हणायच्या, "ए, तोंड सांभाळ. कायदा आपल्या बापानं लिहिलाय. आपण काय म्हणून घाबरायचं?"

म्हणून चाकणच्या कंपनीतून तांब्याची तार चोरीला गेली आणि तक्रारीत तिथंच कामाला असलेल्या त्यांच्या थोरल्या पोराचं, विक्कीचं नाव आलं, तेव्हा बाईंनी काय करावं? पोराला धुतलेला शर्ट घालायला लावला, डबा दिला आणि स्वतः ठाण्यात नेऊन उभं केलं. वाटेत तो म्हणाला होता, "आई, थोडे दिवस आत्याकडं जाऊ का?" बाई कडाडल्या, "चोर पळतात. पळायचं नाही."

तक्रारीत दुसरं नाव ज्ञानेशचं. त्याच शिफ्टचा, त्याच लाइनवरचा. त्याचे वडील मुरारी चाकणजवळच्या गावातले बागायतदार. त्यांनी पोराला आधी मामाकडं धाडलं, मग वकील गाठला, अटकपूर्व जामीन मिळवला आणि त्याला आपला सातबारा लावला. ज्ञानेशनं कोठडीचं दारसुद्धा पाहिलं नाही. विक्कीच्या पाठीवर मात्र वळ उठले. जामीन त्यालाही मिळाला बरं का! पण कागदावर. कोर्टाला जमीनजुमला असलेला जामीनदार हवा, आणि बाईंचं घर अर्ध्या गुंठ्यातलं, नोटरीवर घेतलेलं. ते कोण धरतो?

शेवटी त्या मुरारींच्या दारात गेल्या. "दादा, तुमच्या ज्ञानेशसारखाच आहे हो माझा विक्की. जामीन राहा त्याला."

मुरारी काही वाईट माणूस नव्हे. मान खाली घालून म्हणाले, "ताई, पोर गुणी हाय तुमचं, मला ठावं हाय. पर त्यांच्यातल्या पोराला जामीन राहिला म्हणून भाऊबंद जगू द्यायचे न्हाईत."

'त्यांच्यातल्या' ऐकलं आणि बाई चहा तसाच ठेवून उठल्या. सगळ्या वाटेनं नुसता संताप संताप झाला त्यांचा.

तुरुंगातल्या भेटीत विक्की जाळीपलीकडून एवढंच म्हणाला, "आत्याकडं जाऊ दिलं असतंस तर..." येताना बसमध्ये बाई पदर तोंडात कोंबून रडल्या. माझ्या हातानं दिला मी त्याला, माझ्या हातानं!

परवा ठाण्यातून पुन्हा फोन आला. धाकट्या प्रितमला पाठवा, नुसती चौकशी करायचीय. प्रितम मुकाट्यानं शर्टाला इस्त्री करायला लागला. आईनं तेच तर शिकवलेलं!

बाईंनी इस्त्री बंद केली. पिशवीत हाताला लागतील ते कपडे कोंबले. "आत्याकडं जा. मागच्या गल्लीतनं जा."

"पण मी काय केलंय, आई? चोर पळतात ना? तूच म्हणतेस."

बाईंना बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बघवेना. त्यांनी पिशवी त्याच्या छातीवर दाबली.

"पळ," त्या म्हणाल्या. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."