सरांच्या कादंबरीतली शेवटची पायरी

“ती उतरली होती,” चहा गाळता गाळता विद्याताई म्हणाल्या.

सर काल गेले. बुद्धवंदना झाली, लोक पांगले. मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी त्यांच्या बायकोला विचारू नये ते विचारलं.

सरांनी एकच कादंबरी लिहिली. स्वतःचीच गोष्ट, हे सगळ्यांना माहीत होतं.

पेठेतली मुलगी. गल्लीच्या टोकाच्या वस्तीतला बौद्ध मुलगा. शहरात दंगल, कर्फ्यू.
दोघं पळून जाणार आहेत. सकाळी कर्फ्यू थोडा वेळ उठतो. मुलगी जिना उतरू लागते.
शेवटच्या पायरीवर कादंबरी संपते.

एम.ए.च्या वर्गात मी याला ओपन एंडिंग म्हणते. पूर्ण लेक्चर घेते.

सरांना विचारलं की म्हणायचे, “मला काय माहीत?”
मला तो लेखकाचा तोरा वाटायचा.

“त्याला खरंच माहीत नव्हतं,” विद्याताई म्हणाल्या. “तो तिथे होताच कुठे?”

“मग कुठे होते?”

“दुधाच्या रांगेत.”

सरांचं गणित सरळ होतं. कर्फ्यू उठला की घरोघरचं माणूस चौकातल्या दूध केंद्रावर धावतं. मुलीला बाहेर पडायला याहून चांगलं निमित्त नाही. जागा वेगळी सांगायची गरजच त्यांना वाटली नाही.

“आणि आमच्याकडे रतीब. कर्फ्यूतसुद्धा गवळी मागच्या दाराने यायचा. दुधाला रांग असते, हेच मला ठाऊक नव्हतं.”

त्या स्वतःच्या दारासमोर उभ्या राहिल्या. पोलिसाने हटकलं, तेव्हा वर गेल्या.

“वाटलं, घाबरला. संपलं. आता वडील दाखवतील तो मुलगा.”

“हे सरांना कधीच नाही सांगितलंत?”

“भेटल्या भेटल्या मलाच विचारतो, ‘काल का आली नाहीस?’ मी काय रस्त्यावर हवा खात होते? नाहीच सांगितलं. पुढे कादंबरी लिहायला बसला, तेव्हा मागे लागला. म्हटलं, लेखक तू ना? कर कल्पना.”

त्या हसल्या. मग बराच वेळ गाळणं धूत राहिल्या.

“सांगायला हवं होतं का गं?”

मी त्यांच्या हातातून गाळणं घेतलं.

सर, तो तोरा नव्हता, हे आज कळलं. सावकाश जा.

आणि ज्यांनी कादंबरी वाचली आहे, त्यांच्यासाठी:

दुसऱ्या दिवशी सकाळी गवळी आला नाही. वडिलांनी विद्याताईंच्या हातात किटली देऊन त्यांना दूध केंद्रावर पाठवलं. सर रांगेत होते. त्यांनी विद्याताईंना आपल्या पुढे घेतलं.

मागचे लोक ओरडले.