कुणाच्या हातानं

माझ्या दुकानातल्या पाटीवर मीच हौसेनं लिहून घेतलंय, ‘ड्रमसेटसाठी इस्तंबूलच्या झांजा. हातानं घडवलेल्या. एकीसारखी दुसरी नाही.’

परवा त्याच पाटीखाली एक म्हातारे ड्रमवादक तडा गेलेली झांज मांडीवर घेऊन बसले होते. उभा जन्म ऑर्केस्ट्रात गेलेला. “अगदी अश्शीच द्या,” म्हणाले. तिकडचा माल आणून मीच राज्यभर पुरवतो, त्यामुळे त्याच मापाच्या, त्याच वजनाच्या सहा झांजा वाजवून दाखवल्या. दर वेळी ते डोळे मिटायचे, आवाज पार विरेपर्यंत थांबायचे आणि नकारार्थी मान हलवायचे.

“काका, हाताचं काम आहे. तंतोतंत तशी कुठून आणू?” मी वैतागलोच.

त्यांनी झांजेवरच्या हातोडीच्या खळग्यांवरून बोट फिरवलं. “मग ज्याच्या हातची आहे, त्यालाच सांगा की. आहे ना तो अजून?”

इतकी वर्षं खोकी मागवतोय. माप, वजन, जहाजाचं भाडं, सगळं तोंडपाठ. पण घाव घालणाऱ्या एकाचंही नाव मी कधी विचारलेलं नाही.

काका गेल्यावर एका नव्या झांजेवर बोट फिरवून पाहिलं. एके ठिकाणी खळगे दाट होते. तिथं कुणीतरी थांबून, कान देऊन, पुन्हा ठोकलं असावं.

झांज खोक्यात ठेवली. खोक्यावर एकच नाव होतं, माझ्या दुकानाचं.