वासंतीच्या आलेखातला खळगा

फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांचं प्रात्यक्षिक घेत होतो. शिपाईमामांनी ऑफिसात बोलावलं. पलीकडून वासंतीचा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, ताई गेली." काविळीचं निमित्त, आठवडाभराचं आजारपण... परत येऊन मी मुलांना म्हणालो, प्रयोग पुरा करा.

पुढे सांगलीला, वासंतीने आणि मी जिथे संशोधन केलं त्या विभागात, शोकसभा झाली. एक जुने प्राध्यापक हळहळले, "हुशार मुलगी, पण हट्टापायी वाया गेली." पाच-सहा माना हलल्या. मला ते मान्य नाही, आणि हे मी इथे छापून सांगतो आहे.

मी आटपाडीचा, ती विट्याची. दोघांच्याही घरात आधी कुणी पदवीपर्यंत पोचलेलं नव्हतं. ९२ साली आम्ही एकाच सरांकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय होता जुळे साबणरेणू. साध्या साबणाच्या रेणूला एक डोकं आणि एक लांब शेपूट असते; असे दोन रेणू मध्ये छोटी साखळी घालून बांधले की जुळं तयार होतं. वासंतीच्या जुळ्यात एका डोक्यावर धन भार होता, दुसऱ्यावर ऋण. असा साबण चिमूटभरही पुरतो आणि जड पाण्यातही फेस धरतो. मी मुद्दाम गावाहून आमचं कॅनभर जड पाणी आणलं होतं. त्यात फेस उभा राहिला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "संपत, आता आंघोळ टाळायला तुला निमित्त न्हाई."

अडलं ते मोजमापात. पाण्यात साबण वाढवत नेला की पृष्ठताण उतरत जातो आणि एका जागी स्थिरावतो. तिच्या आलेखात नेमक्या त्या वळणावर खळगा पडायचा. ताण जास्तच खाली जाऊन पुन्हा वर यायचा. सर म्हणाले, "जुळ्यांचं असं होतंच. ते चार बिंदू सोड आणि प्रबंध लिहायला घे." नोंदणीची मुदत संपायला सहाच महिने उरले होते. मीही तेच सांगितलं. ती म्हणाली, "कागदावरनं पुसलं की गेलं व्हय? बाटलीत हाय की ते अजून."

तिच्या मते साबणात तयारीच्या वेळचं अल्कोहोल किंचित उरलं होतं आणि खळगा त्यानेच पडत होता. तिने तो पुन्हा विरघळवला, पुन्हा स्फटिक पाडले. कधी पांढरी पूड मिळायची, कधी काकवीसारखा चिकट गोळा. गलाईवाल्याची पोर म्हणून आम्ही चिडवायचो, कारण तिचे वडील दूर तमिळ मुलखात सोनं गाळायचे. ती म्हणायची, "अप्पांचं सोनं हाताला चिकटत न्हाई रं, म्हणून त्यांना सोपं." खळगा उथळ होत गेला, पण पुरता गेला नाही. मुदत संपली. तिने आष्ट्याच्या ज्युनिअर कॉलेजात नोकरी धरली आणि शनिवारी दुपारी तिथल्या छोट्या प्रयोगशाळेत काम चालू ठेवलं. पृष्ठताण मोजायचं यंत्र तिथे नव्हतं. सांगलीला विचारलं तर उत्तर आलं, नोंदणी नसलेल्यांना यंत्र मिळत नाही.

यंत्र माझ्याकडे साताऱ्यात होतं. मी डॉक्टर झालो तो तिने शिकवलेल्या शुद्धीकरणाच्या रीतीने. तरी मी तिला एकदाही म्हणालो नाही, ये, मोजून बघू. हे मला कुणी माफ करू नये.

दिवसकार्यानंतर विट्याला गेलो. तिच्या आईने मेणाने तोंड बंद केलेली एक बाटली हातात दिली. "बघा आवं सर, एवढासा साबन करायला पाच वर्सं घालवली पोरीनं. मी म्हणायची, ह्यात एक पदर तरी धुवून निघंल का गं..." आणि त्या हसता हसता थांबल्या.

गेल्या आठवड्यात मी ती बाटली उघडली. भांडी तिच्यासारखीच साबण न लावता आम्लाने धुतली, ताण मोजायच्या यंत्राची प्लॅटिनमची कडी ज्योतीत लाल केली. दोन दिवस मोजत होतो. ताण उतरत आला, वळणावर आला आणि तिथेच थांबला. पुन्हा नव्याने मोजलं. तेच.

खळगा नाही.

तो आलेख मी सांगलीच्या विभागाकडे पाठवला आहे. संशोधकाच्या जागी तिचं नाव लिहिलं, पदवीचा रकाना रिकामा ठेवला. मूळ प्रत साताऱ्यात माझ्या टेबलावर आहे. ज्यांच्या माना हलल्या त्यांनी येऊन बघावी.