डॉल्फिनच्या वळणावर

माझी आत्या फेरीबोट चालवते. सकाळी कामाला निघालेली माणसं खाडीच्या पलीकडे न्यायची आणि संध्याकाळी तीच माणसं दमूनभागून परत आणायची, हे तिचं काम. खलाशांनी तिचं नाव 'भोंगा' ठेवलंय आणि ते तिच्या तोंडावर घेतात. एकदा बोटीचा खरा भोंगा बिघडला होता, तेव्हा म्हणे आत्याने केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून समोरच्या होडीला "बाजूला हो!" म्हटलं, आणि ती होडीच काय, तिच्या मागच्या दोन होड्याही बाजूला झाल्या. आत्या म्हणते, मागे एकच होडी होती.

आवाजाचं कारण साधं होतं. ऐन उमेदीची वर्षं तिने इंजिनखोलीत काढली. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच. पुढे ती वर केबिनमध्ये आली, कप्तान झाली, पण आवाज इंजिनखोलीतलाच राहिला. घरी आतोबांचं घड्याळदुरुस्तीचं काम चालतं, पुढच्याच खोलीत. डोळ्याला भिंग लावून ते केसाएवढ्या स्प्रिंगशी झटत असायचे आणि दारातून आत्या विचारायची, "चहा घेणार का?" स्प्रिंग उडायची.

"अगं, मी समोरच बसलोय," आतोबा शांतपणे म्हणायचे. "पलीकडच्या काठावर नाही."

"हळूच तर बोलतेय मी!"

खाडीच्या मध्यावर, खडक आणि वाळूचा दांडा यांच्यामध्ये एक अरुंद वळण आहे. तिथे डॉल्फिनचा एक कळप राहतो. आत्या त्यांना पहिल्या दिवसापासून बघत आली होती. बोट वळणावर आली की लोक पोरांना उचलून दाखवायचे, "ते बघ, ते बघ!" आत्याला वाटायचं, आपली बोट दिसली की ते भेटायला वर येतात. आल्यागेल्याची विचारपूस करणारे शेजारी असतात ना, तसे.

मग एक दिवस संशोधक आला. उंच, किडकिडीत, आणि इतक्या हळू आवाजात बोलणारा की आत्याला त्याचे नुसते ओठ हललेले दिसले.

"काय?" आत्या म्हणाली.

तो पुन्हा काहीतरी म्हणाला.

"काय?"

"मला डॉल्फिनचं बोलणं ऐकायचंय!" तो बिचारा जिवाच्या आकांताने ओरडला, तेव्हा धक्क्यावरचे सगळे वळून बघायला लागले.

"मग माझ्याकडे कशाला आलात? मला माणसांचंच ऐकू येत नाही."

त्याला एवढंच हवं होतं की रोज कळप कुठे दिसतो, कोणत्या बाजूला जातो, ते कप्तानांनी त्याला सांगावं. बाकीच्यांनी हो म्हटलं आणि विसरले. आत्या मात्र रोज सांगू लागली, आणि सांगता सांगता विचारू लागली. तो पाठीवरच्या पराच्या खाचा बघून एकेकाला ओळखायचा. आत्यानेही ओळखायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात सगळ्यांना नात्यात बसवून टाकलं. जिच्या पराला करवतीसारखे दाते होते ती दातेरी. तिचं पिल्लू म्हणजे बाळ्या. दातेरी शिकारीला गेली की बाळ्याला सांभाळणारी ती मावशी. आणि कायम खांद्याला खांदा लावून हिंडणारे दोन नर होते, ते साडू.

"नर अशी वर्षानुवर्षं जोडी करून राहतात," संशोधक म्हणाला. "पण ते साडू असतीलच असं नाही."

"दोघं मिळून कामाचं काही करताना दिसतात का तुम्हाला? मग साडूच."

आत्याचा हा उत्साह बघून त्याने तिला सुट्टीच्या दिवशी आपल्या छोट्या होडीतून यायला सांगितलं. मी तेव्हा आत्याकडे राहायला होते, म्हणून मीही गेले. वळणापाशी त्याने मोटार बंद केली आणि पाण्यात बुडवायचा माईक खाली सोडला. आत्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज होता तेवढा मोठा केला.

आधी तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग भुवया वर गेल्या. मग तिने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं.

"किती बोलतात गं! मला वाटायचं, पाण्याखाली सगळं गप्प असतं."

संशोधक तिच्या कानाशी वाकून सांगत होता. ती जी टकटक चाललीय, ती सावज शोधायची. आवाज सोडायचा आणि त्याच्या पडसादावरून समोर काय आहे ते ओळखायचं. शीळ मात्र एकमेकांसाठी. प्रत्येकाची स्वतःची एक शीळ असते. पिल्लू लहानपणीच ती घडवतं आणि ती त्याला जन्मभर पुरते. आता ऐका, वर चढली, मध्ये खाली आली, पुन्हा वर गेली, ही दातेरी. एकमेकांपासून लांब गेले की आपापली शीळ घालत राहतात, आणि कधी कधी दुसऱ्याची शीळ घालून त्याला हाकही मारतात.

"म्हणजे मी घरात शिरताना 'आले गं बाई' म्हणते, तसं?"

"जवळजवळ तसंच. आणि पिल्लू जवळ असलं की आईची शीळ जरा चढ्या सुरात जाते. आपण बाळाशी बोलताना बोलतो तशी."

आत्या खुळ्यासारखी हसली. बाळ्या वाळूच्या दांड्याकडे मावशीबरोबर हुंदडत होता, दातेरी खडकाजवळ शिकार करत होती, आणि दोघांचं लांबून काहीबाही चाललं होतं.

तेवढ्यात आत्याचा चेहरा आक्रसला. तिने झटकन हेडफोन काढले आणि चौफेर पाहिलं. दूरवर फेरीबोट येत होती, अजून चांगली लांब. ती आत्याचीच बोट होती. त्या दिवशी बदली कप्तान चालवत होता.

"ही?" आत्याने विचारलं. "एवढ्या लांबून?"

संशोधकाने मान हलवली. तिने पुन्हा हेडफोन लावले आणि बोट जवळ येऊन निघून जाईपर्यंत काढले नाहीत. मी नुसती तिच्याकडे बघत होते. दातदुखी सोसताना माणूस बसतो तशी ती बसली होती.

बोट गेली. मग आत्याने एक हेडफोन माझ्या कानाला लावला. एकच शीळ पुन्हा पुन्हा येत होती, घाईघाईची, चढी, तिच्यातला मधला उतार पार गेलेला.

"आवाजावर मात करायची म्हणून शीळ सपाट आणि उंच करतात," संशोधक म्हणाला. "गोंगाटात तेवढंच पोचतं."

"बाळ्या कुठाय?" आत्याने विचारलं.

पाण्यावर कुणीच दिसत नव्हतं. शीळ येतच होती. खडकापासून निघालेली दातेरी एकदा वर आली, फुस्स करून श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेली. आम्ही तिघं तीन बाजूंना पाणी धुंडाळत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी एक बारीक, कापरी शीळ आली आणि दांड्याच्या पार पलीकडे छोटी पाठ दिसली. दातेरी पाणी कापत तिकडे गेली. मग दोघं अंगाला अंग घासत, पराला पर लावून पोहत राहिली. मावशीही येऊन मिळाली.

घरी आल्यावर आत्या आतोबांसमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "अहो, मी रोज त्यांच्या घरातून लोखंडी कपाटं ओढत नेते. तेही आईलेकरं बोलत असताना. आणि मला वाटायचं, मला भेटायला येतात."

दुसऱ्या दिवशी तिने वळणावर वेग निम्म्यावर आणला. बोट उशिरा पोचली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी एक टाय लावलेले गृहस्थ केबिनच्या दारात आले. "माशांसाठी आम्ही रोज साहेबांची बोलणी खायची का?"

"मासे नाहीत ते!" आत्या म्हणाली, आणि ते सगळ्या बोटीला ऐकू गेलं. पण हे काही उत्तर नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

मग व्यवस्थापकांचं बोलावणं आलं. ते चांगले गृहस्थ होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं पटतं मला. पण वेळापत्रक सांभाळणं माझं काम आहे. वेळ कुठून आणू?"

"वेळ मी आणते. मला एक महिना द्या."

शब्द देऊन टाकला खरा, पण वेळ आणायचा कुठून ते तिलाही ठाऊक नव्हतं. घरी येऊन तिने डोकं धरलं. आतोबा म्हणाले, "घड्याळ मागे पडायला लागलं की मी काटा पुढे ढकलत नाही. आत कुठे घासतंय ते बघतो."

पुढच्या सुट्टीला दोघं नवराबायको धक्क्यावर जाऊन बसली. दिवसभर. लोकांना वाटलं, यांना दुसरं काही सुचत नाही. पण घासत कुठे होतं ते तिथेच दिसलं. उतरणारे आणि चढणारे बोटीला लावलेल्या एकाच फळीवर एकमेकांना ढकलत होते. तिकीट फळीवर आल्यावर शोधलं जात होतं, तेही पिशवीच्या तळातून. सायकलवाले आधी चढायचे आणि दार अडवून उभे राहायचे.

आत्याने धक्क्यावर मधोमध दोर बांधला. उतरणारे डावीकडून, चढणारे उजवीकडून. तिकिटं बोट यायच्या आधीच जमिनीवर तपासायची. सायकली शेवटी. सूचना द्यायला कर्णा लागला नाही. पहिला आठवडाभर लोकांनी मनसोक्त कुरकुर केली, मग अंगवळणी पडलं. टायवाले गृहस्थ तर नवख्यांना दरडावू लागले, "उजवीकडून, उजवीकडून!" वळणावर गेलेला वेळ धक्क्यावर भरून निघाला. धुक्याच्या दिवसांत नाही निघाला, तेव्हा आत्याने बोलणी खाल्ली.

महिन्याच्या शेवटी व्यवस्थापक स्वतः बोटीवर आले. वळणावर इंजिनाचा आवाज खाली आला आणि लोक आपोआप हळू बोलू लागले. बाजूलाच फुस्स झालं. व्यवस्थापक कठड्याशी गेले. "तो कोण?"

"तो साडू. दुसरा आता येईलच," आत्याने केबिनमधून सांगितलं. दुसरा आला.

नंतर सगळ्याच फेरीबोटींना तिथे वेग कमी करायचा हुकूम निघाला. एक कप्तान म्हणाला, पाण्यातल्या जनावरांना कसले कान? आत्याने त्याच्याशी वाद घातला नाही. हाताला धरून त्याला संशोधकाच्या होडीत नेऊन बसवलं आणि त्याचीच बोट त्याला ऐकवली. दुसरा एक आहे, तो मात्र अजूनही बोट दामटतो. आत्या त्याचं नाव निघालं की विषय बदलते.

त्याच सुमारास तिने स्वतःचेही कान दाखवून घेतले. इतकी वर्षं घरातल्या कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. यंत्र लावून घरी आली आणि दारातच थबकली. "अहो, इतकी घड्याळं टिकटिकतात! तुम्हाला झोप कशी लागते?" आतोबांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि ते पुसत बसले.

वर्ष उलटून गेल्यावर संशोधक सांगायला आला की वळणावरच्या शिळा पुन्हा लांबतायत, त्यांतले चढउतार परत आलेत, आणि पिल्लं आईपासून जरा लांब खेळताना दिसतायत. "पण हे वेग कमी केल्यामुळेच, असं अजून खात्रीने म्हणता येणार नाही," तो म्हणाला.

"तुम्ही नका म्हणू. तुमचं काम आहे ते. मी बघतेय ना."

बाळ्या आता मोठा झालाय. मागच्या उन्हाळ्यात त्याने आईची पाठ सोडली आणि बरेच दिवस दिसला नाही, तेव्हा आत्या घरी सगळ्यांवर चिडचिड करत होती. परवा मी तिच्या बोटीवर होते. संशोधक धक्क्यावर वाट बघत उभा होता. म्हणाला, बाळ्या दिसला, खाडीच्या तोंडाशी, त्याच्याच वयाच्या एका नराबरोबर. सकाळपासून दोघं एकमेकांना सोडून हलत नाहीयेत.

"शीळ तीच आहे का?"

"तीच आहे."

"बरं झालं," आत्या म्हणाली. "जोडीला कुणीतरी मिळालं पोराला." आणि चढणारे लोक उजवीकडे खोळंबले होते, म्हणून ती केबिनकडे वळली.